साडेतीन हजार शब्दांचे पाठांतर

प्रवेश परीक्षांचे अर्ज निघण्याच्या सुमारास आपल्या वाचनकक्षात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. तृतीय वर्षाची मुले-मुली घडी घातलेले झेरॉक्सचे कागद पुढ्यात घेऊन ओठ हलवीत बसलेली असतात. नवख्या माणसाला वाटावे, पाढे चालले आहेत! ‘टॅसिटर्न म्हणजे मितभाषी, रेटिसंट म्हणजे मितभाषी, लॅकॉनिक म्हणजे मितभाषी.’ तीन शब्द आणि अर्थ एकच. मग इंग्रजांनी तीन शब्द ठेवले तरी कशाला, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. परीक्षा तोंडावर आलेली असते.

या धडपडीला मी हसत नाही. पदवीनंतर एम.बी.ए. करायचे तर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सध्याच्या आराखड्यात २०० प्रश्न आणि वेळ अडीच तास. त्यांतले ५० प्रश्न इंग्रजी भाषेचे व उताऱ्यांचे. शिवाय उरलेली प्रश्नपत्रिकाही इंग्रजीतच, म्हणजे तर्काचे कोडे सोडवण्याआधी ते कोडे काय आहे हे इंग्रजीतून उमगले पाहिजे. आपल्यासारख्या कला शाखेच्या, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची जागा हुकते ती बहुधा इथेच. म्हणूनच शहरातून आलेल्या याद्या आपल्याकडे हातोहात फिरतात.

परंतु या याद्यांवर माझा विश्वास नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेशासाठी जी.आर.ई. नावाची परीक्षा असते. तिच्या तयारीसाठी बॅरन्सच्या पुस्तकात साडेतीन हजार शब्दांची यादी असे आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती घोकली. पुढे ऑगस्ट २०११ मध्ये त्या परीक्षेनेच सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न काढून टाकले. आता शब्द विचारतात तो वाक्यात बसवून. आपल्याकडच्या ‘कॅट’ परीक्षेतही हल्ली भर उताऱ्यांवर आणि विस्कटलेली वाक्ये जुळवण्यावर असतो. ज्यांच्यासाठी ती घोकंपट्टी होती त्यांनी ती सोडली. आपण मात्र त्याच जातीच्या यादीची झेरॉक्स काढतो आहोत.

त्यातही आपली अडचण दुहेरी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घराघरांत पावरी, भिली, मावची बोलली जाते. धडगावकडून आलेल्या माझ्या एका वर्गमैत्रिणीची पहिली भाषा पावरी, मराठी भेटली ती शाळेत. तिच्यापुढच्या कागदावर डावीकडचा शब्द परका असतो आणि उजवीकडचा अर्धा परका. माझ्या घरी अहिराणी. आमच्या अंगणात ‘मितभाषी’ हा शब्द कधी कुणी उच्चारलेला नाही. न बोलणाऱ्या माणसाला काय म्हणायचे, हे मात्र सगळ्यांना पक्के ठाऊक असते!

टॅसिटर्न म्हणजे मितभाषी नव्हे, घुम्या. रेटिसंट म्हणजे मनातले सांगायला कचरणारा. लॅकॉनिक म्हणजे मोजक्या शब्दांत तुकडा पाडणारा. (ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतातले स्पार्टाचे लोक तसे बोलत, म्हणून हा शब्द.) अशी तीन माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांची तोंडे आठवली की तिन्ही शब्द वेगवेगळे बसतात आणि पुन्हा उठत नाहीत.

दुसरी गोष्ट मुळांची. वृत्ते शिकताना आपण सगळ्यांनी लघू-गुरूच्या खुणा केल्या आहेत. लॅटिनमधले ‘लेव्हिस’ आणि ‘ग्रॅव्हिस’ हे याच लघू-गुरूचे भाऊबंद. मग ॲलिव्हिएट म्हणजे हलके करणे, दुःख कमी करणे. ॲग्रव्हेट म्हणजे जड करणे, दुखणे वाढवणे. लेव्हिटी म्हणजे हलकेपणा, जिथे गंभीर राहायचे तिथला थिल्लरपणा. ‘पाद’ घ्या. इम्पीड म्हणजे पाय अडकवणे, एक्स्पिडाइट म्हणजे अडकलेला पाय सोडवून काम पुढे ढकलणे. ‘वाच्’ वरून व्होसिफरस, ‘मृ’ वरून मॉरिबंड. नॉर्मन लुईस यांच्या १९४९ च्या प्रसिद्ध पुस्तकात मुळांवरूनच शब्द शिकवले आहेत. आपल्याला तर त्यातली कितीतरी मुळे मराठीच्या तासाला आयती मिळाली आहेत. अर्थात कानावर सगळा भरवसा ठेवू नये. डेव्हिल आणि देव यांचे काही नाते नाही. आणि एनर्व्हेट हा शब्द ऐकून अंगात बळ आल्यासारखे वाटते, पण त्याचा अर्थ नेमका उलटा, बळ काढून घेणे.

इंग्रजी नको, असे माझे म्हणणे नाही. व्यवस्थापन शिकणाऱ्याला ती लागेलच. पण किती लागावी आणि ती गुणवत्तेत किती मोजावी? केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा १९७९ पासून मराठीतून लिहिता येते. तिथे ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर असतो, त्यात २५ टक्के मिळाले की पुरे, ते गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. मार्च २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण धरण्याचा घाट घातला गेला, तेव्हा महाराष्ट्रासह देशभर विरोध झाला आणि तो मागे घ्यावा लागला. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या निवडीला जी कसोटी चालते, ती कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्याला का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

तो निर्णय आपल्या हाती नाही. ग्रंथालय मात्र आपले आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी १८४७ मध्येच इंग्रजी शब्दांपुढे मराठी शब्द मांडून कोश केला होता. आपण एक जाड वही करू. इंग्रजीच्या आणि मराठीच्या सरांनी मिळून शनिवारी अर्धा तास द्यावा, इंग्रजी वर्तमानपत्रातला एक उतारा वाचावा आणि अडलेला प्रत्येक शब्द वहीत मराठी, अहिराणी, पावरी, मावची अशा चार रकान्यांत उतरावा. पहिला शब्द मी सुचवतो, टॅसिटर्न. घुम्या माणसाला धडगावकडे काय म्हणतात, ते तिकडच्या मित्रांनी लिहावे.