गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड : हिशेब आपल्या हाती हवा

फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा कमी केला. 6.50 टक्क्यांवर असलेला हा दर वर्षअखेर 5.25 टक्क्यांवर आला. वर्तमानपत्रांनी गृहकर्जदारांना दिलासा मिळाल्याच्या बातम्या दिल्या. परंतु ज्या घरातून दरमहा हप्ता जातो, त्या घरातील कर्त्या माणसास आपले कर्ज आता नेमके कोणत्या वर्षी फिटणार असे विचारले, तर पुष्कळदा ठाम उत्तर मिळत नाही. हप्ता किती, हे सर्वांना पाठ असते. मुदत किती उरली, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

हे दुर्लक्ष महागात पडू शकते. मे 2022 मध्ये रेपो दर 4 टक्क्यांवरून वाढू लागला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 टक्के झाला. 1 ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्यामुळे ही अडीच टक्क्यांची वाढ थेट कर्जदारांपर्यंत पोहोचली. मात्र अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला, वाढली ती मुदत. याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 7 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतलेल्या 30 लाख रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 23,259 रुपये येतो. दर 9.50 टक्के झाला, तर 30 लाखांवरील एका महिन्याचे व्याजच 23,750 रुपये होते. म्हणजे संपूर्ण हप्ता भरूनही व्याज पुरे फिटत नाही, मग मुद्दल कसे कमी व्हावे?

या परिस्थितीची दखल घेऊन रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी परिपत्रक काढले. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, हे निवडण्याची संधी कर्जदारास दिली पाहिजे. मुदत वाढविल्यामुळे व्याजही न फिटण्याची वेळ येता कामा नये. आणि मुदतीत केव्हाही कर्जाची अंशतः अथवा संपूर्ण परतफेड करण्याचा पर्याय खुला असला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. दर तिमाहीस वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर दाखविणारे विवरणपत्र देणेही बंधनकारक आहे. हे विवरणपत्र आपण पाहतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

मुदतपूर्व परतफेडीवर दंड बसेल, ही भीती अजूनही अनेकांच्या मनात आहे. वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जांवर असे शुल्क घेण्यास बँकांना 2012 पासून मनाई आहे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम अधिक व्यापक झाले आहेत. व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी व्यक्तीस दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर, पैसा कोठूनही आणला तरी, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लावता येत नाही. स्थिर दराचे कर्ज असल्यास मात्र करारपत्र नीट वाचावे.

आता मुख्य मुद्दा. बोनस मिळाला, आखातातून वा जहाजावरून परतलेल्या मुलाने काही रक्कम हाती दिली, मुदत ठेव पूर्ण झाली आणि एक लाख रुपये कर्जात भरावयाचे ठरले. लाभ किती होईल? 30 लाखांचे कर्ज, 8.50 टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत धरल्यास हप्ता सुमारे 26,035 रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील 21,250 रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल अवघे 4,785 रुपयांनी घटते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर कर्ज सुमारे 18 महिने आधी फिटते आणि जवळजवळ 3 लाख 70 हजार रुपये व्याज वाचते. तेच एक लाख रुपये भरून मुदत तीच ठेवली व हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता सुमारे 885 रुपयांनी घटतो आणि व्याजाची एकूण बचत सुमारे 1 लाख 2 हजार रुपये होते. रक्कम तीच, दिवस तोच. फरक केवळ अर्जावरील एका खुणेचा.

हप्ता कमी करणे चुकीचे आहे, असे आम्ही म्हणत नाही. नोकरी डळमळीत असेल, मुलांचे शिक्षण अथवा घरातील आजारपण यांचा भार असेल, तर दरमहा हाती राहणारे 885 रुपयेही मोलाचे असतात. परंतु ही निवड आपण समजून करावी. ती बँकेच्या संगणकावर आपोआप होऊ देऊ नये.

वेळही तितकीच महत्त्वाची आहे. वरील कर्जात तेच एक लाख रुपये 15 वर्षांनंतर भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर बचत सुमारे 50 हजारांवर येते. याउलट प्रारंभापासून दरवर्षी केवळ एक हप्ता जादा भरत गेल्यास कर्ज सव्वातीन वर्षांहून अधिक आधी संपते. निवृत्तीचे वय जवळ येत असलेल्या कुटुंबासाठी ही सव्वातीन वर्षे फार मोठी आहेत.

असे हिशेब करून देणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर विपुल आहेत. त्यांतील चांगला कोणता, हे ओळखण्याच्या काही खुणा सांगता येतील. पहिली खूण म्हणजे त्यात मूळ कर्जाऐवजी आजचे शिल्लक मुद्दल, आजचा दर आणि आजचा हप्ता भरता आला पाहिजे. दुसरी, एकरकमी, दरमहाची आणि दरवर्षीची जादा रक्कम तिच्या महिन्यासह नोंदविता आली पाहिजे. तिसरी, मुदत घटविणे आणि हप्ता घटविणे हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. चौथी, मध्येच दर बदलून पाहण्याची सोय हवी. पाचवी, महिन्यागणिक तक्ता मिळाला पाहिजे, म्हणजे तो बँकेच्या विवरणपत्राशी ताडून पाहता येईल. नुसता बचतीचा मोठा आकडा दाखवून थांबणारे साधन अपुरे समजावे. तसेच उत्तर देण्यापूर्वी मोबाईल क्रमांक मागणारे साधन टाळावे. त्याला बहुधा आपल्या हिशेबापेक्षा आपल्याला नवे कर्ज विकण्यात अधिक रस असतो.

साधनाची परीक्षा घेणे सोपे आहे. त्यात 30 लाख, 8.50 टक्के आणि 240 महिने भरावेत; उत्तर 26,035 रुपयांच्या आसपास आले पाहिजे. संगणकावरील एक्सेलमध्येही 'एनपीईआर' या सूत्रास महिन्याचा दर, उणे चिन्हासह हप्ता आणि शिल्लक मुद्दल दिले की उरलेले हप्ते मिळतात. आपल्या धर्मग्रामांत बँकांत नोकरी करणारी आणि वाणिज्य शाखेत शिकणारी तरुण मंडळी आहेत. त्यांनी एका रविवारी आपल्या घरातील व शेजारच्या ज्येष्ठांचा हा तक्ता मांडून दिला, तर ती मोठी सेवा ठरेल.

मात्र कोणतेही कॅल्क्युलेटर घरची परिस्थिती जाणत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल, तर त्यांचा दर साधारणतः गृहकर्जापेक्षा बराच जास्त असतो. ते आधी फेडावे. काही महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम हाताशी ठेवावी, कारण कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या वेळी सहज परत मिळत नाही. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत ती मिळत नाही. म्हणूनच करात सूट मिळते एवढ्यासाठी कर्ज लांबविणे कितपत योग्य, याचा आपल्या करपद्धतीनुसार पुन्हा विचार करावा.

शेवटी, जादा रक्कम भरताना मुदत कमी करण्याची अथवा हप्ता कमी करण्याची सूचना लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि पुढील विवरणपत्रात उरलेल्या हप्त्यांची संख्या खरोखर बदलली का, हे तपासावे. संपूर्ण कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत करणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवसास 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, असा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. घराची कागदपत्रे ज्या दिवशी आपल्या कपाटात परत येतील, तो दिवस कोणता असावा, हे ठरविणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. त्यासाठी आजचे शिल्लक मुद्दल आजच विचारून घ्यावे.