साक्षीदाराला गावातच राहायचं असतं

अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका टोकाला भंडारदरा, दुसऱ्या टोकाला जामखेड तालुक्यातलं खर्डा. 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्यात 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच त्याचा अपराध सांगितला गेला. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा कडक करा म्हटलं की चर्चा लगेच शिक्षेकडे वळते. शिक्षा पुरेशी आहे, साक्ष टिकत नाही. साक्षीदार फुटला की आरोपी सुटतो आणि आरोपी सुटला की 'बघा, तक्रारच खोटी होती' म्हणायला मंडळी मोकळी. 'कायद्याचा गैरवापर होतो' या ओरडीला असंच खाद्य मिळतं.

भंडारदऱ्याचंच घ्या. महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींची वस्ती असलेल्या अकोले तालुक्याला हा कायदा तितकाच लागू आहे. इथल्या मजुराला जातीवरून मारहाण झाली आणि मारणारा त्याचाच मालक असला, तर साक्ष कोण देणार? पाहणाराही त्याच मालकाकडे रोजावर. जिल्ह्याचं ठिकाण सुमारे दीडशे किलोमीटरवर. तारखेला गेलं की मजुरी बुडाली, परत आलं की उद्याचं काम गेलं.

संसदेला हे कळलं नव्हतं असं नाही. 2015 च्या दुरुस्तीने कलम 15 अ आलं: साक्षीदाराला संरक्षण, प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडली तर दुसरीकडे पुनर्वसन. 26 जानेवारी 2016 पासून ते अमलात आहे. खर्ड्याचा निकाल लागला तेव्हा ते पुस्तकात होतंच! याच जिल्ह्यातल्या सोनईच्या दलित तरुणांच्या तिहेरी हत्याकांडाचा खटला मात्र जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला आणि जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली. केवळ जागा बदलल्याने निकाल बदलला असा दावा आम्ही करणार नाही; पण गावाच्या दडपणापासून खटला लांब नेता येतो, एवढं तरी त्यातून दिसलं.

दुरुस्ती हवी ती इथे. साक्षीदार फितूर झाला की 15 अ प्रमाणे त्याला काय दिलं होतं, हे न्यायालयाने पोलिसांना विचारावं आणि उत्तर निकालपत्रात नोंदवावं. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम 4 मध्ये सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. पण गुन्हा नोंदवायला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे खात्याने खात्यालाच विचारायचं. ती अट काढून टाका; दखल घेण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला कायद्याने आधीच दिला आहे, तो या अटीविना वापरता यायला हवा.