तळ्याकाठची वाट आणि श्वान

भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला, असे परंपरा सांगते. २००२ साली भोज पाणथळ रामसर यादीत समाविष्ट झाली. तिच्या काठच्या वनविहार राष्ट्रीय उद्यानात नागरिकांस पायी फिरण्याची मुभा आहे. पाळीव कुत्र्यांस नाही. श्वानप्रेमींना हा निर्बंध जाचक वाटेल. परंतु २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू आढळले होते. वनविहारातही वाघ-सिंह आहेत. तेथे कुत्र्यांना मज्जाव करणे हा जुलूम नव्हे, शहाणपण होय.

तथापि मनाईचा फलक लावून कर्तव्य संपत नाही. श्वानासाठी धर्मराजाने स्वर्गही नाकारला, असे मानणाऱ्या समाजात त्याला फिरावयास जागाच नसावी, हे शोभत नाही. महापालिकेने उद्यानाबाहेर, पक्ष्यांच्या जागा टाळून, एक वाट राखावी. तेथे साखळी व लस सक्तीची करावी. मोकाट कुत्र्यांचेही लसीकरण करावे.

कासवांची घरटी कुत्र्यांपासून राखावी लागणाऱ्या आमच्या किनाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. भूतदयेला व्यवस्थेची जोड नसेल, तर एका जिवाचा लळा दुसऱ्याच्या जिवावर बेततो.