एजवूडचा हिशेब

अमेरिकेच्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या दर चार मुलांमागे एकाहून अधिक मूल आज हिस्पॅनिक आहे. मेक्सिको, पोर्टो रिको, क्यूबा, मध्य अमेरिका अशा नाना मुलखांतून आलेले लोक या नावाखाली मोडतात. १८४८ साली मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा प्रदेश अमेरिकेने गिळंकृत केला, तेव्हापासून आपल्याच भूमीत परके ठरलेले लोकही त्यांतच येतात. शेतमळ्यांवर, बांधकामांवर, मांसाच्या कारखान्यांत राबणारा हा वर्ग. त्याची मुले शाळेत मागे का पडतात, या प्रश्नावर अहवालांची चळत उभी राहिली आहे, आणि तीत एक शब्द पुनःपुन्हा भेटतो : समाज व सरकार यांची ‘भागीदारी’. शब्द गोंडस आहे. परंतु एकाच्या हाती तिजोरी आणि दुसऱ्याच्या हाती केवळ सभेचे निमंत्रण, अशा व्यवहाराला भागीदारी म्हणण्याची पद्धत व्यापारातही नाही.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराच्या पश्चिमेला एजवूड नावाचा शालेय विभाग आहे. मे १९६८ मध्ये तेथील हायस्कूलचे सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्या क्रांतीच्या नव्हत्या. फुटक्या खिडक्या दुरुस्त करा आणि शिकविण्यास पात्र असे शिक्षक द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलांच्या पाठोपाठ पालक जागे झाले. हवाई दलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि अन्य काही पालक यांनी राज्याच्या शिक्षण-अर्थव्यवस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

या खटल्यात जो हिशेब बाहेर आला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात त्या त्या विभागातील घराजमिनीवरील करातून चालतो. १९६७-६८ मध्ये एजवूडचे रहिवासी दर शंभर डॉलर मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरीत होते. त्याच शहरातील अलामो हाइट्स या धनिक विभागाचा दर होता ८५ सेंट. गरिबांनी अधिक दराने कर भरूनही स्थानिक उत्पन्नातून एजवूडच्या मुलाच्या वाट्याला आले २६ डॉलर, आणि अलामो हाइट्सच्या मुलाच्या वाट्याला ३३३. कारण एकीकडे दर विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलरची मालमत्ता होती, तर दुसरीकडे ४९ हजारांहून अधिक. आता राज्य सरकारने काय केले? एजवूडच्या मुलाला २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सच्या मुलाला २२५! विषमता कमी करण्यासाठी उभारलेली योजना श्रीमंताच्या पदरात तीन डॉलर जास्तच टाकीत होती. केंद्राची मदत धरूनही एकूण खर्च राहिला ३५६ विरुद्ध ५९४. एजवूडमधील जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत होते.

रयतेच्या श्रमातून उभा राहिलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे गाऱ्हाणे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. शहाऐंशी वर्षांनंतर, जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात, एक पत्रेकाम करणारा कामगार तेच मांडत होता.

खालच्या न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरविला. शिक्षण हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताच्या निकालपत्राने ठरविले. ते लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल एकेकाळी रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, ही त्यातली खोच. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी जोरदार विरोधी मत नोंदविले, पण विरोधी मताने खिडक्यांना काचा बसत नाहीत.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर सॅन अँटोनियोच्या गरीब वस्त्यांनी जे केले, ते या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होय. १९७४ साली एर्नेस्टो कोर्टेस यांच्या पुढाकाराने तेथे ‘कॉप्स’ ही संघटना उभी राहिली. तिने आरंभ शाळेपासून केलाच नाही. पावसात घरांत घुसणारे पाणी आणि नसलेली गटारे, हा पहिला प्रश्न. घरोघरी बैठका झाल्या. पुढे शहरातील धनिक दाद देईनात, तेव्हा शेकडो बायाबापड्या एका बड्या दुकानात जाऊन काहीही न विकत घेता कपडे अंगाला लावून पाहत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीवर डॉलरचे सुटे आणि सुट्यांचे डॉलर करून घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या. गटारे झाली. गटारे मिळविता येतात हे ज्या आईने पाहिले, तिला मुख्याध्यापकाच्या खोलीत जाण्याची भीती उरली नाही.

हीच रीत पुढे राज्यभर शाळांत शिरली. ऑस्टिन शहरातील झवाला प्राथमिक शाळेत १९९० नंतरच्या काळात घडलेला प्रसंग बोलका आहे. प्रगतिपुस्तकात मुलांना उत्तम श्रेणी मिळत होत्या, आणि राज्याच्या परीक्षेत तीच मुले नापास होत होती. एका पालकाने भर सभेत हे दोन्ही आकडे वाचून दाखविले. खळबळ उडाली, शिक्षक दुखावले, काहींनी शाळा सोडली. परंतु जे राहिले त्यांनी पालकांबरोबर वस्तीत फिरून घरोघर विचारपूस केली. मुलांना लसी टोचण्याची सोय शाळेतच करून घेतली गेली. विज्ञानाचा विशेष वर्ग निघाला. हजेरी वाढली, निकाल सुधारले. अशा शाळांना ‘अलायन्स स्कूल्स’ म्हणत. राज्याने निधी दिला आणि तो शाळेतील पालक-शिक्षकांनी ठरविलेल्या कामावर खर्च झाला. भागीदारी म्हणतात ती ही. या संघटना चर्चच्या आवारात वाढल्या, मालमत्तेच्या संबंधांना हात घालणे हा त्यांचा कार्यक्रम नव्हता, हे मान्य करूनही त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही.

मूळ हिशेबही सुटला नव्हता. एजवूडनेच पुन्हा खटला भरला, या वेळी राज्याच्या न्यायालयात. १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती अर्थव्यवस्था घटनाबाह्य ठरविली. १९९३ च्या कायद्याने श्रीमंत विभागांच्या उत्पन्नाचा भाग गरीब शाळांकडे वळविला. धनिकांनी त्याला ‘रॉबिन हूड’चा कायदा म्हणून हिणविले. जणू काही पूर्वीच्या व्यवस्थेत कोणी कोणाला लुटतच नव्हते!

वॉशिंग्टनची भागीदारी मात्र वरून आलेली. १९९० साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हिस्पॅनिक शिक्षणासाठी खास आदेश काढला, पुढील राष्ट्राध्यक्षांनी तो नव्या रूपात चालू ठेवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी तो रद्द केला. एका सहीने आलेले दुसऱ्या सहीने गेले. यादरम्यान प्रगती झालीच नाही असे नव्हे. शाळा अर्धवट सोडणाऱ्या हिस्पॅनिक तरुणांचे प्रमाण १९९० मध्ये तीस टक्क्यांहून अधिक होते, ते २०२२ मध्ये आठ टक्क्यांच्या आसपास आले. पण पंचविशीवरील हिस्पॅनिकांपैकी पदवीधर सुमारे एकवीस टक्केच आहेत. गोऱ्यांत हे प्रमाण त्याच्या दुप्पट आहे.

आता डाव नव्याने मांडला जात आहे. १९९८ साली याच एजवूडमध्ये धनिकांच्या पैशावर मुलांना खाजगी शाळांची फी देण्याचा प्रयोग सुरू झाला होता, आणि जाणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या नावचे अनुदानही सरकारी शाळेतून गेले. मे २०२५ मध्ये टेक्सासने तोच मार्ग राज्याच्या पैशाने खुला केला. २०२६-२७ च्या शैक्षणिक वर्षापासून त्यासाठी एक अब्ज डॉलर राखून ठेवले आहेत. कोणते मूल घ्यावे आणि कोणते नाकारावे, हे ठरविण्याची मुभा त्या खाजगी शाळांकडेच राहिली आहे.