वसूल

लंडनहून परत आल्यावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "पास वसूल झाला का?" ऑफिसात विचारला, व्हॉट्सॲपवर विचारला, परभणीत मामाच्या ओसरीवर तर तिघांनी विचारला. मी प्रत्येकाला सांगितलं, हो, झाला, उलट चौदा पौंड वाचले. लोक खूश झाले. कुणीतरी म्हणालं, "हुशार पोरगी."

मला या शाबासकीविरुद्ध लिहायचंय.

ज्यांनी हा पास घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या शहरांत हल्ली एक 'साइटसीइंग पास' मिळतो. एकदाच पैसे भरायचे, फोनवर क्यूआर कोड येतो, मग दोन दिवस, तीन दिवस, जेवढ्याचा घेतला असेल तेवढे दिवस किल्ले, राजवाडे, चर्चेस, बोट, प्राणिसंग्रहालय, सगळीकडे तो कोड दाखवून आत. जोडीला 'हॉप-ऑन हॉप-ऑफ' बस. वरून उघडी, लाल किंवा दुसऱ्या भडक रंगाची, कानात घालायला इअरफोन. वाटेल तिथे उतरा, वाटेल तिथे चढा. रील्समध्ये हे फार सुंदर दिसतं. कुणीतरी गॉगल लावून वरच्या मजल्यावर बसलंय, केस उडताहेत, मागे टॉवर ब्रिज.

मी २०२४च्या जूनमध्ये आईला घेऊन गेले. मावसबहिणीने हॅरोला घर घेतलं होतं, त्याचं निमित्त. आठवड्यातले बाकीचे दिवस नातेवाईकांत जाणार होते, शहर बघायला हातात दोनच दिवस होते, मंगळवार आणि बुधवार. मी दोघींचे दोन दिवसांचे पास घेतले, अडीचशे पौंडांच्या वर गेले. म्हणजे सव्वीस हजार रुपये. बसचं तिकीट वेगळं. ताई म्हणत होती, "अगं, साधी बस आहे, काय करायचाय तो पास?" मी तिला दोन स्क्रीनशॉट पाठवले. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट माणशी तीस-पस्तीस पौंड, वेस्टमिन्स्टर ॲबीचं तीसच्या आसपास, प्राणिसंग्रहालयाचं तसंच. बेरीज कर, पास स्वस्त पडतो. माझी बेरीज बरोबर होती. आजही बरोबरच आहे.

आईला विचारलं होतं, तुला काय बघायचंय? ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. प्रश्न विचारला की एकच उत्तर देते. म्हणाली, "बाबासाहेबांचं घर."

किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०, प्रिमरोज हिलजवळ. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून तिथे राहिले. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बसण्याचा जो काळ आपण सगळे ऐकत आलोय, तो हाच. महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये ते घर विकत घेतलं, आता तिथे संग्रहालय आहे. आईचे वडील औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकले. घराण्यातला पहिला शिकलेला माणूस तो. त्यामुळे त्या घराचा पत्ता आमच्याकडे लंडनच्या पत्त्यासारखा कधी नव्हताच.

मी म्हटलं, "जाऊ की. ते फुकट आहे, कधीही जाता येईल."

हे वाक्य मी तेव्हा अगदी सहज बोलले. आता मला त्याचीच चीड येते. पास घेतला की मेंदूत एक तराजू बसतो. ज्या जागेला तिकीट आहे ती जड, ज्या जागेला तिकीट नाही ती हलकी. जेवढं तिकीट महाग तेवढी जागा यादीत वर. मी फोनच्या नोट्समध्ये यादी केली होती, ठिकाण, वेळ, आणि शेजारी पौंडात किंमत. बाबासाहेबांच्या घरासमोर शून्य. शून्य शेवटी जातं.

आणि तसं बघाल तर लंडन हे शून्याचं शहर आहे. २००१पासून इंग्लंडमधली राष्ट्रीय संग्रहालयं सगळ्यांना मोफत आहेत. नॅशनल गॅलरी मोफत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट मोफत. ब्रिटिश म्युझियम मोफत, आणि तिथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. आपली विदर्भातली अमरावती नाही, आंध्रातली. दोन हजार वर्षांच्या आसपासचा बुद्ध, चुनखडीच्या दगडात. माझी बौद्ध आई आणि ती शिल्पं एका शहरात दोन दिवस होती आणि मी त्यांची गाठ घालून दिली नाही, कारण त्या दारावर माझा क्यूआर कोड लागत नव्हता. पासने शहराचा नकाशाच बदलला, आणि बदलला कसा, तर जे लोकांनी लोकांसाठी मोकळं ठेवलंय ते खोडून आणि जिथे गल्ला आहे ते ठळक करून.

पास देणाऱ्याचा धंदा कसा चालतो तेही समजून घ्या. तुम्ही एखाद्या ठिकाणी कोड दाखवला की कंपनी त्या ठिकाणाला ठरलेली रक्कम देते. तुम्ही गेलाच नाहीत तर ते पैसे कंपनीकडेच राहतात. म्हणजे तुम्ही दमलात, पाऊस आला, आईचे गुडघे दुखले, की तिचा फायदा. शिवाय पासमधला 'दिवस' म्हणजे बहुतेकदा चोवीस तास नसतात, कॅलेंडरचा दिवस असतो. दुपारी तीनला पहिला कोड दाखवलात तरी रात्री तो दिवस संपला. अमर्यादित थाळीच्या हॉटेलात जसं पोट तेवढंच असतं आणि वाढपी मात्र हसत हसत तिसऱ्यांदा भात घेऊन येतो, तसं आहे हे. फरक एवढाच की थाळीत निदान आई म्हणायची, झेपेल तेवढंच घे. इथे वाढपीही मीच होते.

मंगळवारी टॉवर ऑफ लंडनमध्ये मुकुट बघितले. तिथे एक सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहायचं, तो तुम्हाला मुकुटांसमोरून पुढे नेतो. आई कोहिनूरसमोरून सरकत गेली, उतरली, आणि परत जाऊन पुन्हा पट्ट्यावर उभी राहिली. तिसऱ्यांदा जायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. बोटीची वेळ झाली होती. बोटीत ती काही बोलली नाही. ॲबीत तिने एका बाकावर बसून पाण्याची बाटली उघडली आणि मी तिला म्हटलं, "आई, अजून अर्धं राहिलंय." प्रार्थनेच्या जागी! माझा आवाज मला तेव्हा ऐकू आला नाही.

आता बसबद्दल. खरं सांगायचं तर टॉवर ब्रिजवरून जाताना, वरच्या मजल्यावर, पहिल्या बाकावर, आई खळखळून हसली होती. डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडाला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. ते हसू मी नाकारणार नाही. ज्यांना फार चालवत नाही, ज्यांच्याकडे विमान बदलण्यातले चारच तास आहेत, त्यांनी ही बस जरूर घ्यावी. एक फेरी मारावी, उतरावं, विसरून जावं.

पण 'उतरा-चढा' या नावात जी मोकळीक विकली जाते ती बघा. आमच्या फेरीत लोक उतरतच नव्हते. का उतरतील? उतरलं की पुढची बस कधी येईल त्याचा भरवसा नाही, आली तर वर जागा मिळेल याचा नाही. बुधवारी आम्ही एका थांब्यावर पंचवीस मिनिटं उभ्या होतो, मग पार्क लेनवर बस अडकली. कानातला आवाज राजांची लग्नं आणि राण्यांची मुंडकी सांगत होता. १० हॉवली प्लेसला लोकमान्य टिळक १९१८-१९मध्ये राहिले, तिथे पाटी आहे. फिन्सबरीने १८९२मध्ये दादाभाई नौरोजींना संसदेत पाठवलं. यातलं काही माझ्या इअरफोनमध्ये आलं नाही. ती बस ज्या लंडनची गोष्ट सांगते त्यात आपण फक्त तिकीट काढणारे आहोत.

आणि त्याच रस्त्यावरून, त्याच थांब्यांच्या शेजारून, लंडनची साधी लाल डबलडेकर जात होती. तेव्हा तिचं भाडं १ पौंड ७५ पेन्स. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस बदला, पुन्हा पैसे नाहीत. दिवसभर कितीही फिरलं तरी तेव्हा बसचे सव्वापाच पौंडांच्या वर कापत नव्हते. खालचा मजला सखल, व्हीलचेअरला उतरंड. वरचा मजला, पहिला बाक, समोर भली मोठी काच. वरून उघडी नाही एवढंच, पण लंडनच्या पावसात ते बरंच आहे.

२४ नंबरची बस घ्या. ती पिमलिकोहून निघते, पार्लमेंट स्क्वेअरवर येते, डाउनिंग स्ट्रीटच्या तोंडावरून ट्रफाल्गर स्क्वेअरला जाते. तिथे नॅशनल गॅलरी. पुढे ब्रिटिश म्युझियम चालत जाण्याइतकं जवळ. मग कॅम्डेन, मग चॉक फार्म. हा मार्ग १९१२पासून जवळपास तसाच आहे. म्हणजे बाबासाहेब तिथे राहत होते तेव्हाही ही बस त्या बाजूने जात होती. चॉक फार्मला उतरून रेल्वेवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड आलाच. एका बसमध्ये सगळं होतं. पावणेदोन पौंडांत.

साध्या बसला आपण घाबरतो, असं माझं मत झालंय. परदेशात गेलो की आपल्याला वाटतं, स्थानिकांची बस स्थानिकांची, आपली पर्यटकांची. आणि हे वाटणाऱ्यांत माझी आई नव्हती. ती बाई वर्षानुवर्षं सहा डिसेंबरला परभणीहून दादरला आलेली आहे. भरलेल्या डब्यात, पिशवीत भाकरी घेऊन, रात्रभर उभी. एखाद्या जागेला जायचं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला मी दोन दिवस अशा जागांवर फिरवलं जिथे तिला जायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी आम्ही लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होतो. तिकीट महाग, म्हणून यादीत वर. तिथे सिंहांचा एक भाग आहे, तो २०१६मध्ये उघडला, आणि तो चक्क सासण-गीरसारखा सजवलाय. खोटं रेल्वे स्टेशन, खोटी बाजारपेठ. आई त्या खोट्या भारतीय स्टेशनात उभी राहून म्हणाली, "हे बघायला आणलंस व्हय मला इथं?" मी हसले. फोटो काढला.

आता नकाशा उघडा. प्राणिसंग्रहालय रीजंट्स पार्कच्या कडेला आहे. समोर प्रिमरोज हिल. ती टेकडी ओलांडली की पलीकडे किंग हेन्रीज रोड, रमतगमत चालत वीसेक मिनिटं. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन होतं. आईने विचारलंसुद्धा, "घर इकडंच कुठं आहे म्हणालीस ना?" आणि मी म्हटलं, संध्याकाळी. कारण केन्सिंग्टन पॅलेस बाकी होता आणि तो धरला नाही तर हिशेब पासच्या खाली जात होता. आम्ही टेकडीकडे पाठ करून बेकर स्ट्रीटला आलो आणि सहलीच्या बसची वाट बघत उभ्या राहिलो.

मला माहितीये, कुणीतरी म्हणेल, यात पासचा काय दोष, नियोजन तुझं चुकलं. बरोबर. पण मी बावळट नाही, आईवर माझं प्रेम कमी नाही, आणि घराचा पत्ता माझ्या फोनमध्ये होता. तरीही वीस मिनिटांवरचं घर मी सोडलं. घसघशीत रक्कम आधी भरून घेतली की माणूस कसा वागतो हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. आपल्याकडे तर काटकसर हा संस्कार. आपल्याला लुटायला महाग काही विकावं लागत नाही, 'वाचतील' एवढं म्हटलं की पुरतं.

किंग हेन्रीज रोडला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. जूनमधलं लख्ख ऊन. दार बंद. दारापाशी निळी गोल पाटी, तीवर बाबासाहेबांचं नाव. आईने चप्पल काढली आणि फुटपाथवर अनवाणी उभी राहिली. बराच वेळ. मी काही बोलले नाही, एकदाच, त्या दोन दिवसांत. मग तिने चप्पल घातली आणि विचारलं, "उद्या किती वाजता उघडतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, हे तिलाही माहीत होतं.

परत येताना चॉक फार्मला २४ नंबर आली. वर चढलो, पहिला बाक रिकामा होता. कॅम्डेन गेलं, दुकानं गेली, ट्रफाल्गर स्क्वेअरचे सिंह आले. आई काचेवर कपाळ टेकवून बघत होती. मी फोन काढून बेरीज केली. चौदा पौंड.

तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन यंदा झालं. व्हिसाचे पैसे, तिकीट, सगळं पुन्हा जमवायचं म्हटलं तर कधी जमेल माहीत नाही. त्या बंद दारासमोरचा फोटो तिने परभणीच्या घरात आजोबांच्या फोटोशेजारी लावलाय. येणारे जाणारे विचारतात, आत काय काय आहे? ती म्हणते, "आम्ही बाहेरूनच बघितलं," आणि चहा ठेवायला आत जाते.