बॅटरी बदलण्याआधी

मैत्रिणींनो, या खेपेचा विषय पाहून तुमच्यापैकी कितीतरी जणी म्हणतील, "अगं बाई, जीपची बॅटरी! हे काय बायकांच्या सदरात?" पण जरा थांबा. ज्या घरी जुनी गाडी आहे, तिथे ती बंद पडली की अडतं ते आपलंच. मुलांची शाळा, दवाखाना, माहेरचं कार्य, सगळं खोळंबतं. आणि नव्या बॅटरीचे पैसे जातात तेही आपल्याच महिन्याच्या हिशेबातून.

आमचं जेऊर करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं. जवळच उजनीचं पाणी, म्हणून ऊस आणि केळी. आमचं शेत गावापासून लांब. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर साधी गाडी रुतून बसते, म्हणून मामंजींनी फार वर्षांपूर्वी चारही चाकं ओढणारी जुनी डिझेल जीप घेतली. मामंजी आता नाहीत, जीप मात्र आहे.

मागच्या भाद्रपदात एका रात्री सासूबाईंना धाप लागली. करमाळ्याला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून ह्यांनी किल्ली फिरवली, तर जीप नुसतीच 'टक्' म्हणाली. शेजारची माणसं उठली, धक्के मारले, तेव्हा कुठे ती सुरू झाली. सासूबाई बऱ्या झाल्या, पण ती पंधरा-वीस मिनिटं मी अजून विसरलेली नाही.

मिस्त्री म्हणाले, "बॅटरी गेली." नवी आणली. पाच महिन्यांत तीही तशीच. "हीसुद्धा गेली," म्हणून दुसरी नवी आणली. तिचाही तोच प्रकार सुरू झाला, आणि हे तिसरीचे पैसे मागायला लागले, तेव्हा मात्र मी म्हटलं, "तीन बॅटऱ्या एकामागून एक वाईट कशा निघतील?" हे हसले. म्हणाले, "तू आपल्या वह्या तपास."

बरं, मग वहीच घेतली! दुधाच्या हिशेबासारखी. जीप कोणत्या दिवशी चालली, कोणत्या दिवशी उभी राहिली, कधी सुरू झाली नाही, एवढंच रोज लिहायचं. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं. रोज चालली की काही तक्रार नाही. तीन-चार दिवस उभी राहिली की मेली! म्हणजे टाकीत पाणी नीट भरत होतं, पण कुठला तरी नळ रात्रंदिवस गळत होता. टाकी बदलून नळ थांबतो का?

मी बी.ए.ला मराठी घेतलेली. विजेचं आणि माझं नातं घरातल्या फ्यूजपुरतं. पण मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांनी मीटर दिला आणि समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगते.

गाडीच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात, म्हणून ती बारा व्होल्टची. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली, आणि तत्त्व आजही तेच आहे. गाडी काही तास बंद ठेवून मीटर लावला, की भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, आणि १२च्या खाली गेली तर ती संपतच आलेली. आता इंजिन सुरू करून पाहा. साधारण १३.८ ते १४.४ दिसलं, तर भरणी ठीक आहे. आकडा वर चढलाच नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा सैल पट्टा पाहायचा. १५च्या वर गेला, तर जास्त भरतंय. मग पाणी लवकर आटतं आणि दिवे वारंवार उडतात.

आमचे हे दोन्ही आकडे ठीक आले. उरली ती गळती. ती मोजायला किल्ली काढून घ्यायची, दिवे बंद, दारं बंद. बॅटरीची ऋण तार सोडवायची आणि ती तार व बॅटरीचं ऋण टोक यांच्या मधे मीटर दहा अँपिअरवर ठेवून जोडायचा. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही हं! सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, मीटर जागच्या जागी जाईल. नव्या गाड्यांत निरनिराळी यंत्रं जागी असतात, तिथे सगळं शांत झाल्यावर ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. जुन्या जीपमध्ये तर जवळजवळ काहीच दिसता कामा नये.

आमच्या मीटरने दाखवलं ०.४३!

मग एकेक फ्यूज काढून पाहिला. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वाटेवर चोर. पण सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलेना. म्हणजे ही वाट फ्यूजमधून जातच नव्हती. मग धन टोकावरच्या तारा पाहिल्या. दोन जाड, आणि त्यांच्याखाली दडलेली एक बारीक लाल. मीटर सोडवून ती तार काढली, पुन्हा मीटर लावला, तर आकडा ०.०१. हे माझ्याकडे बघतच राहिले!

ती लाल तार बोटांनी चाचपत आम्ही मागे गेलो. पायपुसण्याखालून, बाकाखालून, थेट हत्यारांच्या पेटीत. झाकण उघडलं, तर आत एक इवलासा दिवा जळत होता. झाकण लागलं की फ्रीजच्या दिव्यासारखा विझावा म्हणून त्याला बटण होतं. ते गंजून आत अडकलं होतं. बटण दाबलं तरी दिवा जळतच राहिला. झाकण बंद, मग जळतोय हे कुणाला दिसणार?

हिशेब पाहा. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो. चोवीस तासांत दहा अँपिअर-अवर. आमची बॅटरी ७५ची. चार दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी, आणि डिझेलचं जड इंजिन फिरवायला तेवढंही पुरत नाही. शिवाय शिशाची बॅटरी वरचेवर पार उतरली, की आतल्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि ती पूर्वीसारखी भरत नाही. म्हणजे मिस्त्री खोटं बोलत नव्हते. बॅटऱ्या खरोखरच गेल्या होत्या, पण कशामुळे ते कुणी विचारलं नव्हतं.

सगळेच दोष गळतीचे नसतात. सेल्फ मारताना दिवे मंद होऊन नुसती टकटक झाली, तर बॅटरी उतरलेली किंवा टोकं सैल आहेत. दिवे लख्ख, पण सेल्फ ढिम्म, तर सेल्फच्या तारा आणि इंजिन ते बॉडी अशी जोडलेली अर्थिंगची पट्टी पाहा. जुन्या गाडीत ती पट्टी गंजलेली असते. घासून घट्ट केली तरी पुष्कळदा काम होतं. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर तारा सोडवून खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने धुवा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं झाल्यावर तारा घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, म्हणून बुचांची बॅटरी असेल तर महिन्याला पाहून त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको. घरच्या इन्व्हर्टरच्या बुचवाल्या बॅटरीलाही हेच लागू.

आता जपायच्या गोष्टी. हात लावण्याआधी बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा. सोनं दोन टोकांमधे आलं तर क्षणात तापतं आणि भाजतं. तार सोडवताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. आतलं आम्ल कपड्याला भोक पाडतं, तेव्हा जुना कपडा घाला आणि डोळे सांभाळा. बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघतो. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण बॉनेट उघडं असेल तर निरांजन आणि उदबत्ती लांब ठेवा.

राहिला तो दिवा. हे म्हणाले, "काढून टाकू, कटकट गेली." सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "रात्री पंक्चर झालं तर पाना दिसावा म्हणून लावला होता त्यांनी." मग काढला नाही. नवं बटण बसवलं आणि तारेला बॅटरीजवळ एक फ्यूज जोडला. तिसरी बॅटरी घ्यावी लागली नाही. होती तीच भरून आणली, तिच्यावरच चाललं आहे.

ती वही मी अजून जीपमध्ये ठेवते. आता तिच्यात हे लिहितात.