आधी परवान्याचे कारण मागा

धुळे-सोलापूर महामार्ग आणि केज-अंबाजोगाईचा रस्ता बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्यात एकमेकांना छेदतात. केजच्या त्याच रस्त्यावर मस्साजोग आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी तिथले सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन हाल हाल करून मारले. तेव्हापासून इथल्या चहाच्या टेबलांवर एक मागणी पुन्हा पुन्हा कानावर येते: सरपंचांना, व्यापाऱ्यांना, वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना बंदुकीचा परवाना द्या. ही मागणी करणारी माणसे गुंड नाहीत. त्यांना खरोखरच भीती वाटते, म्हणून त्यांना उडवून लावणे मला पटत नाही. पण मागणीचे टोक चुकीच्या दिशेला वळले आहे, एवढे मात्र स्पष्ट सांगायला हवे.

बीडमध्ये परवान्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. देशमुखांच्या खुनानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी जिल्ह्यातील परवान्यांचा आकडा जाहीर केला, तो 1200च्या वर होता. परळीत हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ त्याच सुमारास राज्याने पाहिले. आकड्यावरून गदारोळ झाला आणि प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. एवढी हत्यारे अधिकृतपणे घरोघरी असूनही सामान्य माणसाला रात्री सुरक्षित वाटत नव्हते. जून 2024 मध्ये परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांचा गोळ्या झाडून खून झाला होता. देशमुखांना तर बंदुकीने मारलेच नाही. गाडी अडवून टोळीने त्यांना ओढून नेले आणि मारहाणीत जीव घेतला. कमरेला पिस्तूल असते तर ते त्या टोळीच्याच हाती लागले असते, असे मला वाटते. त्यांना वाचवू शकली असती ती वेळेवर हललेली पोलिसांची गाडी. ती हलली नाही असा आरोप झाला आणि एका पोलीस अधिकाऱ्याला निलंबित करावे लागले.

अमेरिकेचा दाखला इथे हमखास दिला जातो. तिथे नेमबाजी शिकवण्यासाठी 1871 मध्ये निघालेली संघटना 1977 नंतर उघड राजकारणात उतरली. पण तिच्या हाती शस्त्राचा हक्क देणारी, अमेरिकी संविधानातली दुसरी दुरुस्ती होती. आपल्याकडे 1931 च्या कराची काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क ठरावात घातला होता, कारण इंग्रजांच्या 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केल्याची जखम ताजी होती. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामथ यांनी तोच धागा धरून संविधान सभेत दुरुस्ती मांडली. सभेने ती फेटाळली. अनुच्छेद 19 ने एकत्र जमण्याचा हक्क दिला तोही शांततेने आणि विनाशस्त्र. म्हणजे बंदूक हा आपल्याकडे हक्क नाही, ती शासनाने दिलेली परवानगी आहे. म्हणून हक्काची भाषा सोडावी आणि परवानगी देणाऱ्याला जाब विचारावा. राजकीय उद्दिष्ट ठरवायचेच असेल तर ते हे ठरवावे.

1959 च्या शस्त्र कायद्यातच जाब विचारण्याची सोय आहे. परवाना नाकारला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि, जनहिताला बाध येत नसेल तर, अर्जदाराने मागितल्यावर द्यावीही लागतात. मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. कलम 18 अपिलाची वाट देते. सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर कलम 17 नुसार परवाना रद्द करता येतो. आणि याच कायद्यात एक जुनी, साधी तरतूद आहे जी कुणालाच आठवत नाही: पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक. रात्रभर रानडुकरे हाकलणाऱ्या शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली. आमच्या चर्चेत मात्र पिस्तूलच येते, कारण ते कमरेला दिसते. शर्ट मुद्दाम थोडा वर खोचलेला, मूठ बाहेर, आणि फोटो मोबाइलवर. संरक्षणाचे हत्यार असे दाखवायचे नसते. ते दाखवले जाते तेव्हा समोरच्याला धाक घालायचा असतो, आणि गावात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

परवाना मागणाऱ्यांनी म्हणूनच आधी परवानाधारकांची यादी स्वच्छ करायला लावावी. ज्याच्यावर खंडणीचा किंवा खुनी हल्ल्याचा गुन्हा आहे, त्याच्या परवान्याची फेरतपासणी गुन्हा दाखल होताच सुरू व्हावी. त्यासाठी एखादा सरपंच मरण्याची वाट पाहू नये. नावे नकोत, पण तालुकावार किती परवाने, कोणत्या कारणासाठी, किती अर्ज नाकारले, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने दर वर्षी जाहीर करावे. शिफारसपत्र कुणाचे आहे यावर अर्ज पुढे सरकत असेल, तर परवान्यांची संख्या वाढवून दुबळ्याच्या हाती काहीच येणार नाही. जो आधीच बळकट आहे, त्याच्याकडेच आणखी एक पिस्तूल जाईल. या मागणीवर बंदूक हवी असणारा आणि नको असणारा, दोघेही सही करू शकतात.

त्याच्याच जोडीला पोलीस ठाण्याचा प्रश्न आहे. पवनचक्क्या आल्यापासून या डोंगरपट्ट्यात पैसा आला आणि पैशामागे खंडणी आली. मस्साजोगच्या प्रकरणाची सुरुवातही पवनचक्की कंपनीच्या आवारातल्या मारहाणीतून झाली. त्या पहिल्या तक्रारीलाच पुरते गांभीर्य मिळायला हवे होते. धमकीची तक्रार आली तर त्याच दिवशी नोंद, आणि तक्रारदाराच्या हाती प्रत, एवढे जरी नेकनूर-केजच्या पट्ट्यात नेमाने घडले, तरी परवान्याचे निम्मे अर्ज लिहिलेच जाणार नाहीत.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. परवान्यांची तालुकावार माहिती जाहीर करा आणि धमकीच्या तक्रारीची त्याच दिवशी नोंद करा, असा ठराव करून तो जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.